पंधराव्या वाढदिवसाआधीचे सतरा दिवस : एका घरातील एचपीव्ही लसीकरणाचे प्रकरण

मंगळवार, २ जुलै २०२४ च्या संध्याकाळी एक आई आपल्या अकरा वर्षांच्या धाकट्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. नागपूरच्या नंदनवन भागात माझा बालरोग दवाखाना आहे आणि या घरातील मुलांच्या लशी पहिल्यापासून येथेच झालेल्या आहेत. धाकटीला घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकला यांच्यासाठी दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान द्यायची टीडॅपची मात्रा द्यायची होती. कार्ड भरून झाले, पुढच्या भेटीची तारीख ठरली, आणि दारापर्यंत गेलेली आई वळून म्हणाली, "थोरलीला ती कॅन्सरची लस द्यायची होती, मॅडम, पण आता राहूनच गेली. दहावी झाल्यावर बघू."

या एका वाक्यामुळे हे प्रकरण उभे राहिले. कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असा तपशील गाळून ते येथे मांडत आहे. मांडण्याचे कारण असे की गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळण्यासाठीच्या या एचपीव्ही लशीच्या वयाबद्दल घराघरांत जो गोंधळ असतो, तो जवळजवळ सगळा या एका घरात एकाच वेळी दिसला.

राहून गेली म्हणजे काय, असे विचारल्यावर आईने सांगितले की जूनमध्ये ती थोरलीला घेऊन शहरातील दुसऱ्या एका दवाखान्यात गेली होती. तेथे वयाचा पुरावा म्हणून मुलीचे शाळेचे ओळखपत्र पाहिले गेले. त्यावर जन्मतारीख २८ मे २००९ होती. पंधरा वर्षे पूर्ण झाली असल्याने आता तीन मात्रा घ्याव्या लागतील, भारतीय बनावटीची लस घेतली तरी एका मात्रेचे दोन हजार धरून सहा हजार रुपये लागतील, असे त्यांना सांगण्यात आले. सोबत एक दिलासाही दिला गेला, की ही लस सव्वीस वर्षांपर्यंत घेता येते, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही. वडिलांचे सक्करदऱ्याला स्टेशनरीचे छोटे दुकान आहे आणि जून महिना हा त्यांच्या धंद्याचा असला तरी पैसा त्या महिन्यात मालात अडकलेला असतो. घरी चर्चा झाली आणि ठरले की आधी दहावी होऊ द्यावी, मग बारावी, आणि लग्नाच्या आधी कधीतरी लस द्यावी.

माझ्याकडे थोरलीचे बाळपणीचे लसीकरण कार्ड होते. त्यावर बीसीजीच्या नोंदीशेजारी जन्मतारीख १९ जुलै २००९ अशी लिहिलेली होती. आईला विचारले तेव्हा ती आधी गोंधळली आणि मग हसली. मुलगी पहिलीला आजोळी, उमरेड तालुक्यातील गावात होती. वर्ष वाया जाऊ नये म्हणून नाव घालताना तारीख मागे नेली गेली होती, आणि पुढे शाळा बदलल्या तरी दाखल्यावरून दाखल्यावर तीच तारीख चालत आली. महानगरपालिकेचा जन्मदाखला घरी होता. दुसऱ्या दिवशी आईने त्याचा फोटो पाठवला, आणि त्यावर १९ जुलैच होती.

म्हणजे मुलगी अजून चौदा वर्षांची होती आणि पंधरावा वाढदिवस सतरा दिवसांवर होता.

शरीराला शाळेचा दाखला कळत नाही. लशीच्या मात्रा ठरवताना खरी जन्मतारीखच धरावी लागते, आणि आपल्याकडे दोन जन्मतारखा असलेली मुले इतकी आहेत की या वयोगटात मी आता बाळपणीचे कार्ड किंवा जन्मदाखला पाहिल्याशिवाय मात्रांचा हिशेब करत नाही. पण या घराला केवळ तारीख दुरुस्त करून देणे पुरेसे नव्हते. पंधरा, सव्वीस आणि पंचेचाळीस असे तीन आकडे त्यांच्या कानावर आले होते, आणि त्या तिन्हींचा अर्थ त्यांनी एकच लावला होता: अजून वेळ आहे. खरे तर हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

आधी रोगाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण वयाचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी मानवी पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो. हा संबंध शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतील १६ आणि १८ हे दोनच प्रकार या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये कारणीभूत असतात. संसर्ग लैंगिक संबंधांतून होतो आणि संबंध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तो बहुतेकांना होऊन जातो. पुष्कळ जणींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो मुक्काम ठोकतो, त्यांच्यात कर्करोग व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षे लागतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाले.

लस म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणातील एका प्रथिनाचा सूक्ष्म पोकळ गोळा असतो. आत विषाणूचे जनुकीय द्रव्य नसते, त्यामुळे लशीने संसर्ग होऊच शकत नाही. पण आधीच झालेला संसर्गही ती घालवू शकत नाही. संसर्गाच्या आधी दिली तर लस जवळजवळ पूर्ण काम करते आणि नंतर दिली तर शिल्लक राहिलेल्या प्रकारांपुरतेच काम करते. "कोणत्या वयात" हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

त्याचे उत्तर आता प्रत्यक्ष आकड्यांत मिळते. इंग्लंडमध्ये २००८ मध्ये शाळांमधून हे लसीकरण सुरू झाले आणि २०२१ मध्ये त्याचा परिणाम प्रसिद्ध झाला. ज्या मुलींना १२-१३ व्या वर्षी लस देऊ करण्यात आली, त्यांच्या गटात गर्भाशयमुखाचा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटला. १४ ते १६ वर्षांच्या गटात ६२ टक्क्यांनी, आणि १६ ते १८ वर्षांच्या गटात फक्त ३४ टक्क्यांनी. लस तीच आणि देशही तोच होता. स्वीडनमधील २०२० च्या अभ्यासात सतराव्या वर्षाच्या आत लस घेतलेल्यांमध्ये घट ८८ टक्के होती आणि त्यानंतर घेतलेल्यांमध्ये ५३ टक्के. हे आकडे मी आईवडिलांना कागदावर लिहून दाखवले. "सव्वीसपर्यंत चालते" या वाक्यात हा उतार कुठेच दिसत नाही, आणि म्हणूनच ते वाक्य खरे असूनही माणसाला चुकीच्या वाटेने नेते.

वडिलांना एकदा समोर बसवून बोलायचे होते, म्हणून शनिवार, ६ जुलैला सगळ्यांना बोलावले. आई, वडील, दोघी मुली, आजी आणि वडिलांची धाकटी बहीण असे सहा जण आले.

वडिलांचा पहिला प्रश्न पंधराच्या रेषेचा होता. १८ जुलैला दोन मात्रा पुरतात आणि १९ जुलैला तीन लागतात, असे शरीरात एका रात्रीत काय बदलते? प्रश्न रास्त होता. एका रात्रीत काहीच बदलत नाही. सुरुवातीला, म्हणजे २००६ मध्ये अमेरिकेत ही लस आली तेव्हा, सगळ्यांनाच तीन मात्रा होत्या. पुढे ९ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा देऊन त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांची तुलना तीन मात्रा घेतलेल्या १६ ते २६ वर्षांच्या स्त्रियांशी करण्यात आली, आणि लहान मुलांची पातळी मोठ्यांपेक्षा कमी नसल्याचे आढळले. कोवळ्या वयात शरीर या लशीला फार जोरकस प्रतिसाद देते. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये आणि अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने २०१६ मध्ये पंधराच्या आत सुरुवात करणाऱ्यांसाठी दोन मात्रा पुरेशा ठरवल्या. रेषा अभ्यासगटाच्या वयावरून आली आहे. पण रेषेच्या अलीकडे पुरावा आहे आणि परवान्याची अटही तीच आहे, त्यामुळे डॉक्टरने ती पाळायची असते. भारतीय बनावटीची सर्वाव्हॅक ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली असून तिला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्याही अटी अशाच आहेत: ९ ते १४ वर्षे दोन मात्रा, १५ ते २६ वर्षे तीन मात्रा.

येथे एक गोष्ट निक्षून सांगावी लागते, कारण तीत नेहमी चूक होते. वय मोजायचे ते पहिल्या मात्रेच्या दिवशीचे. पहिली मात्रा पंधराव्या वाढदिवसाआधी झाली असेल, तर दुसरी मात्रा घेताना मुलगी साडेपंधरा वर्षांची झालेली असली तरी तिसरी लागत नाही. याला अपवाद आहे तो प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या मुलांचा, उदाहरणार्थ एचआयव्हीसह जगणाऱ्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या मुलांचा. त्यांना आपल्याकडे वय काहीही असले तरी तीन मात्रा दिल्या जातात.

दुसरा प्रश्न आईने विचारला आणि तो अधिक अवघड होता. तिने कुठेतरी वाचले होते की आता एकच मात्रा पुरते. मग दोनसाठी पैसे का घालवावेत? हे खरे आहे की डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते १४ आणि १५ ते २० या दोन्ही वयोगटांसाठी एक किंवा दोन मात्रांचा पर्याय मान्य केला, आणि २१ वर्षांवरील स्त्रियांसाठी सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा सुचवल्या. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांनी २०२३ मध्ये पंचविशीच्या आतील निरोगी मुलामुलींसाठी एका मात्रेचा कार्यक्रम स्वीकारला. या बदलामागे जो पुरावा आहे, त्यातला मोठा भाग आपल्या देशातला आहे, आणि तो हाती येण्याची कथा प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

२००९ मध्ये भारतात दहा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींमध्ये दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारा मोठा अभ्यास सुरू झाला. त्याच्या केंद्रांमध्ये पुणे आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हीदेखील होती. त्याच सुमारास आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये एक वेगळा लसीकरण प्रकल्प चालू होता. त्यात लस घेतलेल्या काही मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये शासनाने अशा सर्व अभ्यासांतील लसीकरण थांबवले. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाले नसल्याचे आढळले. त्यांत सर्पदंश, बुडणे, विषप्राशन आणि ताप अशी कारणे होती. मात्र संमती घेण्याच्या पद्धतीवर संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते, कारण अनेक ठिकाणी आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांच्या सह्या होत्या. लसीकरण मध्येच थांबल्यामुळे जवळपास पाच हजार मुली एकाच मात्रेवर राहिल्या. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेने सुमारे ९५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले, आणि दोन किंवा तीन मात्रा घेतलेल्यांपेक्षा ते कमी नव्हते. बार्शीच्या परिसरातील कितीतरी मुलींनी आपल्या लग्नानंतरही, बाळंतपणानंतरही तपासणीला येऊन हा पुरावा जगाला दिला आहे.

मग या मुलीला एक मात्रा का नको? मी आईला माझे मत स्पष्ट सांगितले. लाखो मुलींपर्यंत पोहोचायचे असते तेव्हा एका मात्रेत दुप्पट मुली झाकल्या जातात, आणि शासकीय मोहिमेसाठी तो निर्णय अत्यंत शहाणपणाचा आहे. लसीकरणाविषयीच्या आपल्या राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाने जून २०२२ मध्ये ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी एकदा मोहीम घेऊन पुढे नवव्या वर्षी नियमित लस द्यावी अशी शिफारस केली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पातही त्याच वयोगटाचा उल्लेख झाला. पण त्या शनिवारी आमच्या हाती अशी मोहीम नव्हती. दवाखान्यात पैसे देऊन घेतल्या जाणाऱ्या लशीचा परवाना दोन मात्रांचा होता आणि बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारसही या वयाला दोन मात्रांचीच होती. शिवाय एका मात्रेचा दीर्घ पुरावा ज्या लशींवर जमा झाला, त्या वेगळ्या कंपन्यांच्या होत्या. म्हणून दोन मात्रा घ्याव्यात. पण पैशाअभावी दुसरी लांबली, तर पहिली वाया गेली असे कधीही समजू नये. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम दोनदा सांगितले, कारण दोन्हींचे पैसे जमल्याशिवाय पहिलीच न घेणारी घरे मी पाहिली आहेत.

वडिलांची खरी अडचण मात्र धाकटीबद्दल होती. थोरलीचे ठीक, पण अकरा वर्षांच्या मुलीला ही लस कशाला, असे ते दोनदा म्हणाले आणि दोन्ही वेळा त्यांची नजर खाली होती. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूची लस लेकीला द्यायची, म्हणजे आपण तिच्याविषयी काहीतरी मान्य करत आहोत, असे त्यांना वाटत होते. ही भावना मी कधी उडवून लावत नाही. मी उत्तर जुळवत असतानाच कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आजी बोलली, "बाबू, कवेलू मिरग लागायच्या आंधीच फेरा लागते. गळाले लागल्यावर कोन फेरते?" उमरेडकडच्या कौलारू घरात जिचा जन्म गेला, तिला हे कोणी शिकवावे लागत नाही. वडील काही वेळ बोलले नाहीत, आणि मग त्यांनी थेट विचारले की दुखते का.

याच आजीची धाकटी बहीण वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी या कर्करोगाने गेली होती, हे मला त्या दिवशी कळले. दोन वर्षे अंगावरून पांढरे आणि मग लाल जात होते, पण कोणाला सांगितले नाही. नागपूरला आणली तेव्हा उशीर झाला होता. आजीने हे सांगताना थोरलीचा हात धरला होता. त्या खोलीत मी मांडलेल्या टक्केवारीपेक्षा त्या हाताचे वजन अधिक होते, हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

मूल होत नाही, पाळी बिघडते, अशा मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टींबद्दलही विचारणा झाली. जगभर कोट्यवधी मात्रा दिल्या गेल्या आहेत आणि वंध्यत्वाशी या लशीचा संबंध आढळलेला नाही. दंड दुखणे, थोडी सूज, कधी कणकण, आणि किशोरवयात टोचल्यानंतर भोवळ येणे, एवढे मात्र होते. म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवणे हा आमच्याकडचा नियम आहे.

त्या दिवशी सिस्टरनी फ्रीज उघडून आधी थर्मामीटर पाहिला, पाच अंश. ही लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते आणि ती गोठली तर निकामी होते. मेमध्ये, पारा पंचेचाळीसवर असताना वीज गेली की आमचे सगळे लक्ष त्या काचेच्या नळीकडे असते. थोरलीने डाव्या दंडावर मात्रा घेतली आणि बाकावर बसून ती पंख्याकडे पाहत राहिली; चेहरा थोडा पांढरा पडला तेव्हा तिला आडवे केले, पाय उशीवर ठेवले, आणि पाच मिनिटांत ती उठून पाणी प्यायली. धाकटीने डोळे घट्ट मिटून घेतले होते. टोचून झाल्यावरही ती विचारत होती की कधी टोचणार. तिची टीडॅप मंगळवारी झालेली होती. खरे तर दोन्ही लशी एकाच दिवशी दोन दंडांवर देता येतात, आणि मंगळवारी मी स्वतःहून विषय काढला असता तर तिची एक फेरी वाचली असती. टीडॅपला आलेल्या प्रत्येक मुलीशी त्याच वेळी एचपीव्हीबद्दल बोलायचे, हा क्रम मी त्या आठवड्यापासून पक्का केला.

आता आत्या. ती फक्त सोबत म्हणून आली होती. वय सव्वीस वर्षे सात महिने, आणि तुळशीच्या लग्नानंतर डिसेंबरात तिचे लग्न ठरलेले. मुलींच्या टोचण्या चालू असताना तिने हळूच विचारले की मला चालेल का. तिच्याशी मी आतल्या खोलीत एकटीशी बोलले, कारण या वयात प्रश्न वेगळे असतात आणि ते वडीलधाऱ्यांसमोर विचारायचे नसतात. लस घेण्यासाठी कोणालाही आपला खासगी इतिहास सांगावा लागत नाही, आणि आधी एचपीव्हीची तपासणीही करावी लागत नाही, हे तिला प्रथम सांगितले. सव्वीस पूर्ण वर्षांपर्यंत, म्हणजे सत्ताविसावा वाढदिवस येईपर्यंत, राहून गेलेल्यांनी लस घ्यावी अशी शिफारस आहे. तिचा तो वाढदिवस डिसेंबरातच होता. शून्य, दोन आणि सहा महिने असे तीन मात्रांचे वेळापत्रक, आणि सुरुवात मुदतीत झाली असेल तर शेवटची मात्रा नंतर घेतली तरी चालते. गर्भारपणात ही लस देत नाहीत. मध्ये दिवस राहिलेच तर उरलेली मात्रा बाळंतपणानंतर घ्यावी, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. तिने स्वतःच्या पगारातून त्याच दिवशी पहिली मात्रा घेतली.

आईचे वय एकोणचाळीस. पंचेचाळीसपर्यंत परवाना आहे असे तिने ऐकले होते, आणि थोरलीसोबत आपणही घ्यावी असा तिचा विचार होता. अमेरिकेत २०१८ मध्ये एका लशीचा परवाना २७ ते ४५ वर्षांसाठी वाढवला गेला हे खरे. पण २०१९ मध्ये तेथील सल्लागार समितीने या वयोगटात सरसकट लसीकरण सुचवले नाही, डॉक्टर आणि व्यक्ती यांनी मिळून ठरवावे इतकेच म्हटले. परवाना म्हणजे या वयात लस सुरक्षित आहे आणि काही उपयोग होऊ शकतो याची मान्यता. सर्वांनी घ्यावी असा तो सल्ला नसतो. त्यातही सर्वाव्हॅकचा परवाना सव्वीस वर्षांपर्यंतच असल्याने आईला दुसरी, बरीच महाग लस घ्यावी लागली असती. लग्नाला सोळा वर्षे झालेल्या, एकही तपासणी न झालेल्या स्त्रीसाठी तेवढा पैसा लशीवर घालवणे मला पटले नाही. तिला गर्भाशयमुखाच्या तपासणीची गरज होती. तिशीनंतर दर पाच वर्षांनी ही तपासणी व्हावी असे आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, आणि शासकीय रुग्णालयात ॲसिटिक आम्ल लावून केली जाणारी साधी तपासणी विनामूल्य होते. ती ऑगस्टमध्ये गेली, तिची मैत्रीणही सोबत गेली. आईचा अहवाल निर्दोष आला. तपासणी लस घेतलेल्यांनाही चुकत नाही, कारण या लशीत कर्करोग घडवणारे विषाणूचे सगळे प्रकार येत नाहीत. आत्याला तिशीनंतरची तारीख मी आधीच कार्डावर लिहून दिली आहे.

घरात तेरा वर्षांचा चुलत भाऊही आहे. मुलांनाही ही लस चालते. त्यांना गुप्तांगावरील चामखिळी, घशाचे आणि गुदद्वाराचे कर्करोग यांपासून संरक्षण मिळते. पण हातचा पैसा मोजका असताना आधी मुली, असेच माझे म्हणणे होते आणि त्याच्या आईवडिलांना ते मान्य झाले.

ऑक्टोबरच्या अखेरीस थोरलीच्या आईचा फोन आला. दिवाळीच्या सुटीत दुसरी मात्रा देऊन टाकावी, नंतर सराव परीक्षा सुरू होतात. मी नकार दिला. दोन मात्रांच्या वेळापत्रकात किमान पाच महिन्यांचे अंतर लागते. त्याआधी दिली तर तिसरी मात्रा द्यावी लागते, आणि ज्यासाठी जुलैत धावपळ केली ते सगळे वाया जाते. उशीर झाला तर मात्र तसे काही बिघडत नाही. म्हणूनच धाकटीची दुसरी मात्रा आम्ही मुद्दाम एप्रिलवर ढकलली, म्हणजे एकाच महिन्यात घरावर भार येणार नाही.

शनिवार, १८ जानेवारी २०२५ रोजी थोरली दुसऱ्या मात्रेसाठी आली. संक्रांतीनंतर माहेरी आलेली आत्याही तिसऱ्या मात्रेसाठी सोबत होती. तिची दुसरी मात्रा सप्टेंबरात झाली होती. थोरली आता साडेपंधरा वर्षांची होती. शाळेतल्या कोणीतरी तिला सांगितले होते की पंधरानंतर तीन मात्रा लागतात, आणि तिच्याच मनात शंका आली होती. मी कार्ड तिच्याच हातात दिले आणि पहिल्या मात्रेच्या तारखेवर बोट ठेवायला सांगितले. तिने ६ जुलैवर बोट ठेवले, मग वरच्या जन्मतारखेवर, आणि स्वतःच वजाबाकी केली: तेरा दिवस. तिसरी नको, असे तीच आपल्या आईला म्हणाली. या वेळी टोचून घेताना ती पलंगावर आडवी झाली होती आणि तिला भोवळ आली नाही.

शाळेच्या दाखल्यावरची तारीख दुरुस्त करायची की नाही, हे घरात अजून ठरलेले नाही. दहावीचा अर्ज जुन्याच तारखेने भरला गेला आहे. लसीकरण कार्डावर आम्ही जन्मदाखल्याची तारीख लाल शाईने लिहून तिच्याभोवती चौकट केली आहे, आणि खाली चुलत भावाचे नाव पेन्सिलने लिहिले आहे. त्याचा पंधरावा वाढदिवस मार्च २०२६ मध्ये आहे, आणि त्याच्या वडिलांनी पहिली मात्रा त्याआधीच्या दिवाळीत द्यायचे ठरवले आहे.